विभक्त पालकांच्या अपत्याचे आडनाव (भारत)

आई-वडील एकत्र राहत नसतील, त्यांचा घटस्फोट झाला असेल, त्यांचा विवाहच झालेला नसेल किंवा दोघांपैकी एकाचे निधन झाले असेल, अशा वेळी बालकाच्या नावापुढे कोणाचे आडनाव लावावे, हे कोणी ठरवावे आणि नंतर ते बदलता येते का, हा भारतातील कौटुंबिक कायद्याचा व जन्मनोंदणीच्या व्यवहाराचा एक प्रश्न आहे. अपत्याने वडिलांचेच आडनाव लावले पाहिजे असे सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. वडिलांचे आडनाव लावणे ही रूढी आहे. मात्र अर्जाचे नमुने, शाळेची नोंदवही आणि कार्यालयीन सवय यांमुळे या रूढीला दीर्घकाळ कायद्यासारखेच वजन मिळाले. इ.स. १९९९ पासून सर्वोच्च न्यायालयाने व विविध उच्च न्यायालयांनी दिलेल्या निर्णयांमुळे ही स्थिती बरीच बदलली आहे.

पार्श्वभूमी

आईच्या नावावरून ओळखले जाणे भारतीय परंपरेला अपरिचित नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल याची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. गुरूने गोत्र विचारल्यावर त्याने आपले गोत्र आईलाही ठाऊक नसल्याचे सांगितले आणि आई जबाला हिच्या नावावरून आपली ओळख दिली. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांची नावेही मातृनामावरून घडलेली आहेत. त्यावरून सातवाहन समाज मातृसत्ताक होता असा निष्कर्ष काढला जातो, पण तो घाईचा ठरतो, कारण राज्य पित्याकडून पुत्राकडेच जात असे. मेघालयातील खासी समाजात मात्र अपत्य आजही आईच्या कुळाचे नाव लावते.

महाराष्ट्रात व्यक्तीचे पूर्ण नाव स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन भागांत लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे पालक विभक्त असतील तर येथे केवळ आडनावाचा नव्हे, तर मधल्या नावाचाही प्रश्न उभा राहतो. ज्या प्रांतांत मधले नाव लावण्याची पद्धत नाही, तेथे आईचे आडनाव लावले की विषय संपतो. मराठी कुटुंबात आडनाव आईचे आणि मधले नाव वडिलांचे असा जोड अनेकांना विचित्र वाटतो, आणि मधली जागा रिकामी सोडली तर अर्ज परत येतो. व्यवहारात हीच अडचण आडनावापेक्षा अधिक वेळा पुढे येते.

ज्यांच्या वडिलांनी नाव दिले नाही अशा अपत्यांनी निराळा मार्ग काढल्याची उदाहरणे गोव्यातील देवळांशी निगडित कलावंत समाजात आढळतात. तेथे गावाच्या नावावरून आडनाव घेण्याची प्रथा होती. गायक-नट दीनानाथ मंगेशकर यांची आई येसूबाई या समाजातील होती, तर वडील मंगेशी येथील देवस्थानाचे पुजारी होते. दीनानाथांनी वडिलांचे आडनाव न लावता मंगेशी गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे आडनाव कुर्डी या गावावरून, तर केसरबाई केरकर यांचे केरी या गावावरून आले आहे. पुढे ही आडनावे इतकी प्रतिष्ठित झाली की त्यांमागचा सामाजिक इतिहास सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

कायद्याची चौकट

बालकाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्या नैसर्गिक पालकाला असतो आणि आडनावाचा निर्णयही त्यातच मोडतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार विवाहसंबंधातून जन्मलेल्या अपत्याचा नैसर्गिक पालक पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता असते. पाच वर्षांखालील बालकाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असेही याच कलमात म्हटले आहे. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या अपत्याबाबत क्रम उलटा आहे, म्हणजे आधी माता व तिच्यानंतर पिता. यातून एक विसंगती निर्माण झाली. अविवाहित आईला कायद्याने जो अग्रक्रम दिला, तो विवाहित पण पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या आईला दिला नाही.

ही विसंगती लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आली. मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून आईची सही रिझर्व्ह बँकेने स्वीकारली नव्हती. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ या शब्दांचा अर्थ केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा व्यापक लावला. पिता अपत्याच्या बाबतीत पूर्णपणे उदासीन असेल, उभयतांच्या संमतीने जबाबदारी आईकडे असेल किंवा अन्य कारणाने तो ती पार पाडू शकत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असे या निर्णयाने स्पष्ट झाले. हा खटला आडनावाविषयीचा नव्हता, तरी नंतरच्या बहुतेक निर्णयांचा पाया त्यानेच घातला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ७ नुसार प्रत्येक बालकाला जन्मतः नाव मिळण्याचा, तर अनुच्छेद ८ नुसार नावासह स्वतःची ओळख टिकवण्याचा हक्क आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

जन्मनोंदणी आणि नाव

जन्माची नोंद जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली होते. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाला द्यावयाची असते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालय पाठवते. या वेळी बाळाचे नाव ठरलेले असणे आवश्यक नाही. कलम १४ नुसार नावाविना जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर भरता येते. नियमांनुसार बारा महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क नसते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव नोंदवता येते.

विभक्त पालकांच्या दृष्टीने ही मुदत महत्त्वाची आहे. एकदा भरलेले नाव बदलणे रिकामी जागा भरण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. कलम १५ खालील दुरुस्ती ही चुकीच्या अथवा लबाडीने केलेल्या नोंदीसाठी आहे, पालकांचे मत बदलले म्हणून ती मागता येत नाही. बाळंतपणानंतरच्या धांदलीत माहेरच्या किंवा सासरच्या एखाद्या नातेवाइकाने अर्जावर लिहून दिलेले आडनाव पुढे अनेक वर्षांच्या वादाचे मूळ ठरू शकते.

या अधिनियमात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. तिने एकल पालकाला किंवा अविवाहित मातेला आपल्या अपत्याच्या जन्माची माहिती देणारी व्यक्ती म्हणून स्पष्ट स्थान दिले. याच दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी इत्यादी कामी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला धरला जातो. पूर्वी जन्मदाखल्यावर एक आणि शाळेत दुसरे आडनाव असले तरी दहावीच्या प्रमाणपत्रावर पुढचे निभावून जाई. आता पहिल्याच कागदावरील नावाला अधिक महत्त्व आले आहे.

न्यायालयीन निर्णय

पित्याचे नाव उघड न करणे

६ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती विक्रमजित सेन व अभय मनोहर सप्रे यांच्या खंडपीठाने दिलेला ‘एबीसी विरुद्ध राज्य (दिल्ली)’ हा निर्णय या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा निर्णय आहे. एका अविवाहित ख्रिस्ती मातेला आपल्या बचतीसाठी व विम्यासाठी मुलाचे नामनिर्देशन करावयाचे होते. त्यासाठी तिच्याकडे पित्याचे नाव किंवा पालकत्वाचे प्रमाणपत्र मागण्यात आले. प्रमाणपत्रासाठी ती न्यायालयात गेली, तेव्हा पित्याला नोटीस पाठवण्याकरिता पुन्हा त्याचेच नाव मागण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने तिला पित्याचे नाव उघड करण्यास भाग पाडता येणार नाही असे ठरवले. एकल पालक किंवा अविवाहित माता आपल्या पोटी जन्मलेल्या अपत्याच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज करील, तेव्हा तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असा सर्वसाधारण आदेशही दिला. आईच्या खासगीपणासोबत मुलाला आपले जन्मदाते कोण हे जाणण्याचा हक्क असतो, याचीही न्यायालयाने दखल घेतली होती, आणि त्यासाठी न्यायमूर्तींनी आईशी संवाद साधून पित्याचा तपशील लखोट्यात बंद करून ठेवला होता. निर्णयाच्या चर्चेत हा भाग बहुधा गळतो.

यानंतर कृत्रिम गर्भधारणेच्या साहाय्याने एकटीने मातृत्व स्वीकारलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांत मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पित्याचा रकाना रिकामा ठेवून दाखला देण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा मातांसाठी पित्याच्या नावाचा रकानाच नसलेला स्वतंत्र नमुना तयार करण्यास सांगितले. २०२२ मध्ये याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. व्ही. कुन्हीकृष्णन यांनी केवळ आईचे नाव असलेला दाखला देण्याचा आदेश देताना महाभारतातील कर्णाच्या वेदनेचा उल्लेख केला होता.

विधवा मातेचा पुनर्विवाह

आडनावाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा थेट निर्णय २८ जुलै २०२२ चा आहे. आंध्र प्रदेशातील एका स्त्रीच्या पतीचे २००६ मध्ये निधन झाले, तेव्हा मूल अडीच महिन्यांचे होते. पुढच्या वर्षी तिने पुनर्विवाह केला. आजी-आजोबांनी नातवाच्या पालकत्वासाठी दावा लावला. तो दावा फेटाळला गेला, पण उच्च न्यायालयाने मुलाचे आडनाव पूर्ववत दिवंगत पित्याचे करावे आणि कागदपत्रांत आईच्या दुसऱ्या पतीची नोंद करायची झाल्यास ‘सावत्र पिता’ अशी करावी, असा आदेश दिला. न्यायमूर्ती दिनेश माहेश्वरी व कृष्ण मुरारी यांनी तो रद्द केला. पित्याच्या मृत्यूनंतर आई ही एकमेव नैसर्गिक पालक असल्याने अपत्याचे आडनाव ठरवण्याचा आणि त्याला दत्तक देण्याचाही अधिकार तिला आहे, असे खंडपीठाने म्हटले. आडनाव हे केवळ वंशपरंपरेचे निदर्शक म्हणून पाहू नये, मुलाला आपण या कुटुंबातलेच आहोत असे वाटण्याशी त्याचा संबंध असतो, आणि कागदोपत्री ‘सावत्र’ हा शिक्का मारणे मुलाच्या आत्मसन्मानाला घातक आहे, असा या निर्णयाचा आशय आहे. आजी-आजोबांनी आडनावाबाबत मागणीच केली नव्हती, ही बाबही न्यायालयाने दाखवून दिली.

हा निर्णय विधवा मातेपुरता आहे. वृत्तपत्रांनी ‘आडनाव ठरवण्याचा अधिकार आईचाच’ अशा मथळ्याखाली तो दिल्याने घटस्फोटित मातेलाही पित्याच्या संमतीविना आडनाव बदलता येते असा समज पसरला, तो बरोबर नाही. दोघेही हयात असतील आणि दोघांनाही पालकत्वाचे अधिकार असतील, तर एकाच्या इच्छेला आपोआप प्राधान्य मिळत नाही.

दोन्ही पालक हयात असताना

२०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे उलट बाजूचे प्रकरण आले. पत्नीने मुलीचे आडनाव बदलून आपले लावले, अशी एका पित्याची तक्रार होती. न्यायमूर्ती रेखा पल्ली यांनी ती मान्य केली नाही. मुलगी ही पित्याच्या मालकीची नव्हे आणि आईचे आडनाव लावण्याचा हक्क प्रत्येक अपत्याला आहे, असे मत त्यांनी व्यक्त केले.

सप्टेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढील वाद तर आडनावाच्याही अलीकडचा, म्हणजे नावाचाच होता. विभक्त राहणाऱ्या पालकांना बालिकेसाठी वेगवेगळी नावे हवी होती. जन्मदाखल्यावर नाव नव्हते आणि नावाविना दाखला शाळा घेईना. आईने एक नाव सुचवले, परंतु दोघेही हजर राहिल्याशिवाय नोंद करणार नाही असे निबंधकाने सांगितले. न्यायमूर्ती बेचू कुरियन थॉमस यांनी कायद्यातील ‘पालक’ हा शब्द एकवचनी असून दोघांपैकी कोणीही एक अर्ज करू शकतो, असा अर्थ लावला. पण वाद मिटण्याची वाट पाहत बालिकेला निनावी ठेवणे तिच्या हिताचे नाही, म्हणून न्यायालयाने पालकाची भूमिका स्वतःकडे घेऊन नाव निवडले. बालिका आईजवळ राहत असल्याने आईने सुचवलेले नाव ठेवले आणि पितृत्वाविषयी वाद नसल्याने त्यापुढे पित्याचे नाव जोडले. निवड करताना बालकाचे कल्याण, सांस्कृतिक संदर्भ, पालकांचे हितसंबंध व सामाजिक संकेत यांचा विचार करण्यात आला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये याची दुसरी मर्यादा दाखवून दिली. पती व्यसनी असल्याचे सांगून जन्मनोंदीत केवळ आपलेच नाव एकल पालक म्हणून यावे अशी एका आईची मागणी होती. पालकांपैकी कोणालाही परस्परांतील भांडणापायी अपत्याच्या जन्मनोंदीवर असा हक्क सांगता येत नाही, असे म्हणून खंडपीठाने ती फेटाळली. एबीसी प्रकरणात आईने पित्याचे नाव नोंदीत येऊच दिले नव्हते, येथे मात्र माहीत असलेले पितृत्व नोंदीतून पुसण्याची मागणी होती. न्यायालये या दोन गोष्टींत फरक करतात.

महाराष्ट्रातील नियम

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय दस्तऐवजांत ‘स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ या क्रमाने नोंदवले जाते. यापूर्वी आईचे नाव वेगळ्या रकान्यात लिहिले जात असे, ते आता पूर्ण नावाचाच भाग झाले. अनाथ व अन्य अपवादात्मक स्थितीतील बालकांना यातून सूट आहे. या निर्णयाने आईचे नाव दृश्य झाले, परंतु शेवटचे आडनाव कोणाचे, हा मूळ प्रश्न त्याने सोडवलेला नाही.

आडनाव बदलावयाचे झाल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात तशी जाहिरात प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे, अज्ञान अपत्याच्या वतीने पालक अर्ज करतो. राजपत्रातील प्रसिद्धीमुळे नावातील बदल जाहीर होतो, पितृत्व किंवा ताबा यांवर तिचा परिणाम होत नाही, आणि जन्मदाखलाही आपोआप बदलत नाही. परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्या दांपत्यांना संमतीच्या अटींमध्येच अपत्याच्या नावाविषयीचे कलम घालता येते. नंतर शाळा अथवा पारपत्र कार्यालय दुसऱ्या पालकाची संमती मागते, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. गोव्यात नाव व आडनाव बदलासाठी १९९० चा स्वतंत्र अधिनियम आहे. तेथील पोर्तुगीज वळणाच्या नावांत आईचे आडनाव आधी व वडिलांचे शेवटी लावण्याची पद्धतही आढळते.

पारपत्र आणि पॅन

परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राचे नियम शिथिल करून अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचेच नाव पुरेसे केले. आयकर विभागाने ५ डिसेंबर २०१८ पासून, आई एकल पालक असल्यास पॅनसाठी वडिलांचे नाव देण्याची सक्ती काढून टाकली.

जात, वारसा आणि पोटगी

आईचे आडनाव लावल्यास मुलाचा वडिलांच्या मालमत्तेवरील हक्क जाईल, ही भीती अनेक कुटुंबांत बोलून दाखवली जाते. तिला कायद्यात आधार नाही. वारसा हा नात्यावरून ठरतो, आडनावावरून नव्हे. शून्य किंवा शून्यनीय विवाहातील अपत्यांनाही हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ नुसार आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची व्याप्ती स्पष्ट केली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील पोटगी (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) विवाहबाह्य संबंधातील अपत्यालाही मिळते. उलटपक्षी, वडिलांचे आडनाव लावल्याने पितृत्व सिद्ध झाले असेही होत नाही.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि आडनाव निवडताना अनेक मातांच्या मनात खरे तर तोच असतो. पडताळणी समिती सामान्यतः पितृकुलातील पुरावे मागते. पित्याशी संबंध तुटलेल्या अपत्याला त्याच्या वडिलांचे किंवा आजोबांचे शाळेचे दाखले मिळवणे अशक्यप्राय असते. २०१२ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात पित्याची असते हे केवळ गृहीतक आहे. अपत्य आईच्या समाजात वाढले आणि त्या समाजाच्या वाट्याला आलेला अवमान व वंचना त्याने भोगली, असे पुराव्याने दाखवल्यास ते गृहीतक खोडून काढता येते. नुसते आडनाव बदलून हा पुरावा उभा राहत नाही. तथापि लहानपणापासून आईचे आडनाव आणि तिच्या घरातील वास्तव्य यांची सुसंगत नोंद असेल, तर तिची मदत होऊ शकते.

इतर देशांत

परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथील नियम लागू होतात, आणि ते एकसारखे नाहीत. इंग्लंडमध्ये अविवाहित माता एकटीने जन्म नोंदवू शकते व आडनाव निवडू शकते. पित्याचे नाव दाखल्यावर येण्यासाठी सामान्यतः दोघांनी मिळून नोंद करावी लागते. नंतर आडनाव बदलायचे असेल तर पालकत्वाची जबाबदारी असलेल्या सर्वांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. जपानमध्ये घटस्फोटानंतर आई आपल्या पूर्वीच्या आडनावाकडे परतली तरी अपत्य कुटुंबनोंदीत आधीच्याच आडनावाने राहते. ते बदलण्यासाठी कौटुंबिक न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, मग ताबा आईकडे असला तरीही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२२ पासून एका पालकाला अपत्याच्या आडनावासोबत स्वतःचे आडनाव व्यवहारापुरते जोडता येते, मात्र दुसऱ्या पालकाला आधी कळवावे लागते आणि त्याचा विरोध असल्यास वाद न्यायाधीशापुढे जातो. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये वडिलांचे आडनाव आपोआप लावण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. पालकांचे अन्यथा एकमत झाले नाही तर तेथे दोघांचीही आडनावे लावली जातात.

भारतात जोडआडनावास मनाई नाही. विभक्त पालकांमधील तडजोड म्हणून ते अधूनमधून सुचवले जाते, परंतु अर्जांतील रकान्यांची रचना आणि निरनिराळ्या कार्यालयांत दोन आडनावांचा क्रम किंवा त्यांमधील जोडरेषा वेगवेगळी नोंदली जाणे यांमुळे त्याचा वापर मर्यादित राहिला आहे.